ट्यूबांच्या कपाटात 26 वेळा

पाचपैकी साडेतीन तारे. सोरायसिस या कातडीच्या आजारावर उजेडाचा उपचार करणाऱ्या मशीनला आणि डॉक्टरांना पाच, भोवतालच्या कारभाराला दोन, त्याची ही सरासरी. सेंटरचं नाव लिहीत नाही, कारण डॉक्टर चांगले आहेत आणि तक्रारी त्यांना तोंडावर सांगून झाल्यात.

नाशिकरोडला माझं पोळीभाजी केंद्र आहे. सकाळी नऊच्या आत दीडशे पोळ्या. सोरायसिस नऊ वर्षांचा: कोपरं, गुडघे, कंबर आणि डोकं. डोक्यातला मी दोन वर्षं कोंडाच समजत होते. कोपराचं मात्र लपत नाही, लाटताना ते गिऱ्हाइकाच्या नजरेसमोरच हलत असतं. एका बाईंनी डबा बंद केला. का विचारलं तर म्हणाल्या, "घरात लहान मूल आहे हो." हे शिवून पसरत नाही, असं सांगून पाहिलं. डबा काही परत सुरू झाला नाही. तेव्हापासून मे महिन्यातही माझे ब्लाउज मनगटापर्यंत.

गेल्या वर्षी मनगटाला वाफेचा चटका बसला. त्यात नवल नाही, पण तो भरत आला आणि तिथेच पांढऱ्या खपल्यांचा चट्टा उठला. डॉक्टर म्हणाले, याला कोबनर म्हणतात; कातडीला खरचटलं, भाजलं की त्या जागी सोरायसिस उगवू शकतो. एरवी खालची पेशी वर येऊन झडायला महिनाभर लागतो. आमच्यात शरीराची प्रतिकारशक्ती उगाच पेटते आणि तेच काम चार-पाच दिवसांत उरकलं जातं. मला ते कच्च्या पोळ्यांच्या चळतीसारखं वाटलं: भाजायच्या आधीच एकीवर एक टाकलेल्या.

इथे यायच्या आधी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडची ट्यूब आणून वर्षभर चोपडली. कोपराच्या आतली कातडी सिगारेटच्या कागदासारखी झाली. मग ओळखीतून मिळालेल्या पुड्या. दोन महिन्यांत अंग असं स्वच्छ की मी पेढे वाटले. पुड्या संपल्या आणि पंधरा दिवसांत पाठभर उठलं. त्यातही स्टिरॉइड असावं, असा डॉक्टरांचा संशय. पोटातून घेतलेलं स्टिरॉइड एकदम सुटलं की हा आजार असा उसळतो म्हणे.

तर इतकी वर्षं ट्यूबा लावल्या, आता ट्यूबांमध्ये उभी राहिले. माणूस मावेल एवढं कपाट, आत उभ्या ट्यूबा, लावल्या की जांभळट उजेड. नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे 311 नॅनोमीटरच्या आसपासची अतिनील किरणं. पुवा नावाच्या जुन्या प्रकारात आधी गोळी घ्यावी लागते, यात तसलं काही नाही. डोळ्यांना काळा चष्मा. पहिल्या दिवशी मिनिटही झालं नाही. एवढ्यासाठी रिक्षाला ऐंशी रुपये घातले का, असं झालं. मग दर वेळी थोडं थोडं वाढवतात. आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. जायच्या आधी सॅलिसिलिकचं मलम लावायचं नाही, ते किरणं अडवतं. आल्यावर मात्र अंगाला साधी पांढरी व्हॅसलीन भरपूर. "उन्हात बसले तर?" असं मीही विचारलं होतं. उन्हाचं माप कोण ठेवणार, एवढंच उत्तर मिळालं.

बाराव्या सिटिंगला कंबर साफ, अठराव्याला गुडघे. कोपरं हट्टी, पण खपल्या गेल्या, आता नुसते डाग आहेत. डोक्याला शून्य फरक, केसांतून उजेड आत पोचतच नाही. तिथे डांबराचा शाम्पू चालू आहे, वास रस्ता दुरुस्तीचा. आणि अंग चांगलंच काळवंडलं. लग्नसराईत फोटो काढायचे असतील त्यांनी विचार करावा.

आता दोन ताऱ्यांची बाजू. बायकांसाठी वेगळी वेळ नाही, मशीन चालवणारा मुलगाच. दाराची कडी सैल. चष्मा सगळ्यांना एकच, मी घरून स्पिरिटचा बोळा नेत असे. सगळ्यात वाईट दिवाळीनंतर झालं. फराळाच्या ऑर्डरींमुळे मी बारा दिवस गेले नव्हते. खंड पडला की डोस कमी करून सुरू करायचा असतो. त्या मुलाने विचारलंच नाही, मागचा आकडा तसाच लावला. संध्याकाळी पाठ तव्यावर ठेवल्यासारखी. दोन सिटिंगा बुडाल्या. डॉक्टरांनी माफी मागितली आणि तेव्हापासून वहीत तारीख पाहिल्याशिवाय बटण दाबत नाहीत, हेही खरं.

डॉक्टरांना पाच तारे का, तर पहिल्या भेटीत त्यांनी कोपरांआधी माझी नखं पाहिली. नखांवर अंगुस्तानासारखे बारीक खड्डे होते. सकाळी बोटं आखडतात का, विचारलं. आखडत होती, मी दोष पोळ्यांना देत होते. सोरायसिस सांध्यांतही उतरतो आणि उजेडाचा त्यावर काही उपयोग नाही, म्हणून त्यांनी लगेच दुसऱ्या डॉक्टरांकडे धाडलं. ते औषधपाणी वेगळं चालू आहे.

खर्च सिटिंगला 350, म्हणजे 26 चे 9,100. रिक्षा वेगळी, बुडालेला अर्धा अर्धा दिवस वेगळा. ज्यांना आठवड्यातून तीनदा निघणं जमणार नसेल त्यांनी सुरूच करू नये, पैसे वाया जातील.

जायचं असेल तर साडेअकरानंतर जा, गर्दी नसते. अंगावर सुती गाऊन, म्हणजे घालायला-काढायला सोपं. आणि कडीला बांधायला परकराची एक जुनी नाडी पिशवीत ठेवा. माझी तिथे खुंटीला लटकते आहे, हवी तर तीच वापरा.