जहाजावरचे रात्रीचे जेवण: पोशाखाचा नियम आणि वाइनचा खर्च पाहून क्रूझ कशी निवडावी

पुण्यात क्रूझची चौकशी करणारी जोडपी सहसा आधी भाडे विचारतात, मग खोलीला बाल्कनी आहे का ते विचारतात आणि त्यानंतर शाकाहारी जेवणाची खात्री करून घेतात. रात्रीच्या जेवणाला काय घालावे लागेल आणि टेबलावर वाइन कशी विकत घ्यायची, हे दोन प्रश्न मात्र पैसे भरून झाल्यावर, बॅग भरताना पुढे येतात. माझ्या मते हे प्रश्न बुकिंगच्या आधीच विचारायला हवेत, कारण सात रात्रींच्या प्रवासात सात संध्याकाळी कशा जातील हे बाल्कनीपेक्षा याच दोन गोष्टी अधिक ठरवतात. माझे मामा-मामी लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसासाठी सध्या याच निवडीत आहेत. मामांना टाय नकोशी वाटते, मामींच्या कपाटातल्या पैठण्या वर्षातून एखाद्या लग्नालाच बाहेर निघतात, आणि दोघेही जेवणासोबत एखादा ग्लास वाइन आवडीने घेतात. त्यांच्यासाठी मी जी तुलना केली, तीच येथे विस्ताराने मांडत आहे.

आपल्यासमोरचे पर्याय ढोबळमानाने चार आहेत. मुंबईहून निघणारी कॉर्डेलिया. सिंगापूरहून किंवा युरोपातून निघणारी रॉयल कॅरिबियनची मोठी जहाजे. भूमध्य समुद्रात फिरणारी नॉर्वेजियन क्रूझ लाइन. आणि साउदॅम्प्टनहून निघणारी क्यूनार्ड.

कॉर्डेलियाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण पोशाखाच्या बाबतीत तिथे कोणालाच अडचण येत नाही. तिचे एम्प्रेस हे जहाज १९९० साली बांधलेले असून ते आधी रॉयल कॅरिबियनकडे होते आणि २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्या करते. प्रवासी जवळजवळ सगळे भारतीय, जेवणात जैन पदार्थांचीही सोय, आणि संध्याकाळचे वातावरण घरच्या समारंभासारखे. कुर्ता-पायजमा, साडी, साधी पँट-शर्ट यांपैकी काहीही तिथे शोभते. मद्य भाड्यात धरलेले नसते, ते वेगळे घ्यावे लागते. दोन-तीन रात्रींत क्रूझ आपल्याला मानवते का, एवढेच पाहायचे असेल तर हा पर्याय योग्य आहे. परंतु निवांत, लांबलेल्या जेवणासाठी कोणी तो निवडावा असे मी म्हणणार नाही.

खरी तुलना उरलेल्या तिघांत आहे आणि तिची दोन टोके क्यूनार्ड आणि नॉर्वेजियन ही आहेत.

पोशाख

क्यूनार्डच्या जहाजांवर संध्याकाळी सहानंतर नीटनेटका पोशाख अपेक्षित असतो. पुरुषांना कॉलरचा शर्ट आणि चांगली पँट पुरते. जॅकेट घातले तर उत्तम, टायची सक्ती नाही. अर्धी पँट किंवा फाटक्या धाटणीची जीन्स चालत नाही. याखेरीज काही रात्री ‘गाला ईव्हनिंग’ म्हणून जाहीर होतात. क्वीन मेरी २ हे जहाज साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क हे अंतर सात रात्रींत कापते आणि त्यात साधारणपणे अशा दोन रात्री असतात. त्या रात्री पुरुषांनी टक्सिडो किंवा गडद सूट आणि स्त्रियांनी समारंभाचा पोशाख घालावा असा नियम आहे. कधी काळा-पांढरा, कधी लाल-सोनेरी अशी रंगसंगतीही ठरवलेली असते, पण ती पाळणे ऐच्छिक असते.

येथपर्यंत वाचून आपल्याकडचे अनेक जण माघार घेतात, आणि ते मला मनापासून खटकते. टक्सिडो किंवा सूट यांच्या बरोबरीने आपल्या देशाचा समारंभी पोशाखही क्यूनार्डला मान्य आहे. म्हणजेच लग्नासाठी शिवलेला बंदगळा किंवा जोधपुरी कोट पुरुषांना पुरेसा आहे आणि स्त्रियांना तर काहीच नवे घ्यावे लागत नाही. पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरात एकही सूट नसेल, पण लग्नाकार्यातला एखादा कोट आणि दोन-चार रेशमी साड्या नसतील असे सहसा घडत नाही. इंग्लंडमधला किंवा अमेरिकेतला प्रवासी ज्या कपड्यांसाठी दुकानात जातो किंवा भाड्याने मागवतो, ते आपल्या कपाटात डांबराच्या गोळ्यांत पडून आहेत. पोशाखाचा हा कडक वाटणारा नियम प्रत्यक्षात आपल्याला सर्वांत कमी खर्चात पाळता येतो, ही गोष्ट प्रवास कंपन्यांचे प्रतिनिधी क्वचितच सांगतात.

तरीही दोन व्यावहारिक मुद्दे लक्षात ठेवावेत. भरजरी, जड पैठणी जहाजाच्या अरुंद खोलीत नेसणे आणि नंतर घडी घालून जपणे कष्टाचे असते, म्हणून दोन गाला रात्रींसाठी एक पैठणी आणि एक हलकी नारायणपेठी किंवा महेश्वरी असा जोड मला अधिक सोयीचा वाटतो. पायांत उंच टाचांऐवजी सपाट सँडल असावेत, कारण समुद्र खवळलेला असताना भोजनगृहापर्यंतचा लांब मार्ग साडी सांभाळत चालायचा असतो. जॅकेट चढवायची इच्छाच नसेल, तर त्या रात्री बुफेत आणि जहाजावरच्या पबमध्ये बसता येते; मात्र मुख्य भोजनगृह आणि नाचाची दालने त्या रात्रीपुरती बंद झाली असे समजावे. सातपैकी दोन रात्री असे बाजूला बसण्याची वेळ येणार असेल, तर हे जहाज आपले नव्हे.

नॉर्वेजियनने २००० च्या सुमारास ‘फ्रीस्टाइल’ पद्धत आणली. ठरलेली वेळ नाही, ठरलेले टेबल नाही आणि सक्तीची औपचारिक रात्रही नाही. सजायचे असेल त्याने सजावे, नसेल त्याने साध्या कपड्यांत यावे, आणि या दोघांत भेद केला जात नाही. काही निवडक भोजनगृहांत थोडा नीट पोशाख मागितला जातो, इतकेच. दिवसभर बार्सिलोना किंवा रोम पायी फिरून दमल्यावर पुन्हा कपडे बदलून ठरलेल्या वेळी खाली उतरणे ज्यांना जिवावर येते, लहान मुले सोबत आहेत किंवा सामान कमी ठेवायचे आहे, त्यांनी बिनदिक्कत हीच निवड करावी. मात्र येथे पैठणी नेसून गेलेल्या बाईंच्या शेजारच्या टेबलावर टी-शर्ट असू शकतो. कोणाला यात मोकळेपणा वाटतो, कोणाचा विरस होतो. मामींचा विरस होईल, हे मला ठाऊक आहे.

रॉयल कॅरिबियन मधल्या वाटेने जाते. तीन-चार रात्रींच्या प्रवासात साधारण एक आणि सात रात्रींच्या प्रवासात दोन औपचारिक रात्री असतात, परंतु त्यांचा आग्रह क्यूनार्डइतका धरला जात नाही. पोहण्याचे कपडे, बिनबाह्यांचे बनियनवजा शर्ट आणि अनवाणी पाय भोजनगृहात चालत नाहीत. सिंगापूरहून निघणाऱ्या फेऱ्यांवर भारतीय प्रवासी बरेच असल्यामुळे सलवार-कमीज किंवा रेशमी कुर्ता यांकडे कोणी वळूनही पाहत नाही.

वाइन

पोशाखाच्या नियमाची भीती आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त आहे. वाइनच्या खर्चाची सावधगिरी मात्र गरजेपेक्षा फारच कमी घेतली जाते. माझी स्वतःची चूक येथे सांगितलेली बरी. पहिल्या क्रूझच्या वेळी मी ‘अमर्याद पेयांचे’ पॅकेज घेतले. एका खोलीतल्या एका प्रौढाने ते घेतले की दुसऱ्यानेही घेतलेच पाहिजे, हा त्या कंपनीचा नियम मला पैसे भरताना कळला. माझ्या पत्नीने आठवडाभर लिंबू-सोड्याखेरीज फारसे काही घेतले नाही आणि तिच्या वाटचे जवळजवळ सगळे पैसे वाया गेले.

हा नियम रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियन या दोन्हींकडे आहे. शिवाय पॅकेज दिवसाच्या हिशेबाने, पण संपूर्ण प्रवासासाठी घ्यावे लागते. मधला एखादा दिवस वगळता येत नाही. आपल्याकडे चतुर्थी, एकादशी किंवा शनिवार पाळणारी माणसे बरीच आहेत, आणि श्रावणात तर कित्येक जण मद्याला स्पर्शही करत नाहीत. अशा कुटुंबाने न घेतलेल्या दिवसांचेही पैसे भरायचे, हे हिशेबात बसत नाही.

हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. पुढील दर केवळ उदाहरणादाखल धरले आहेत. आपल्या जहाजाचे दर घालून तीच आकडेमोड करावी. समजा पॅकेज माणशी दिवसाला ७५ डॉलर आहे आणि त्यावर १८ टक्के सेवाशुल्क आहे. दोघांचे सात दिवसांचे १,०५० डॉलर, सेवाशुल्कासह १,२३९ डॉलर होतात. हेच जोडपे रोज रात्री जेवणासोबत प्रत्येकी एक ग्लास घेणार असेल, तर सात रात्रींत १४ ग्लास झाले. १२ डॉलरचा ग्लास धरल्यास सेवाशुल्कासह १९८ डॉलर. आता ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच ग्लास निघतात, म्हणजे १४ ग्लासांना तीन बाटल्या पुरतात. बाटली ४५ डॉलरची धरली तर सेवाशुल्कासह १५९ डॉलर. पॅकेजचे पैसे वसूल व्हायला प्रत्येकाने रोज सहापेक्षा अधिक ग्लास घ्यायला हवेत, आणि ज्या दिवशी जहाज बंदराला लागलेले असून आपण सकाळपासून संध्याकाळपर्यंत गावात असतो, त्या दिवशीही घ्यायला हवेत. जेवणापुरती वाइन घेणाऱ्या जोडप्याला पॅकेज परवडत नाही, हे माझे ठाम मत आहे. सेवाशुल्काचा दर सगळीकडे सारखा नसतो: क्यूनार्डकडे पेयांवर १५, रॉयल कॅरिबियनकडे १८ आणि नॉर्वेजियनकडे २० टक्के हा त्यांचा परिचित दर आहे.

बाटली एका रात्रीत संपवावी लागेल या समजुतीने अनेक जण ग्लासच मागवत राहतात. प्रत्यक्षात उरलेली वाइन बूच लावून, खोलीचा क्रमांक लिहून ठेवली जाते आणि दुसऱ्या रात्री पुन्हा टेबलावर येते. येथे ठरलेल्या टेबलाचा मोठा उपयोग होतो. क्यूनार्डच्या ब्रिटानिया भोजनगृहात तेच टेबल आणि तेच वाढपी असतात. तिसऱ्या रात्री तुमची बाटली न मागता समोर येते, आणि तुम्ही तिखट खाता हे लक्षात ठेवून वाइनचा जाणकार सेवक त्याप्रमाणे सुचवतो. रॉयल कॅरिबियनमध्ये ठरलेली वेळ किंवा मोकळी वेळ यांपैकी एक निवडता येते. वाइन आवडणाऱ्यांनी ठरलेली वेळ घ्यावी. नॉर्वेजियनमध्ये रोज नवे भोजनगृह निवडले, तर कालची बाटली कुठे ठेवली आहे हे सांगून मागवावी लागते. ते अशक्य नाही, पण वेळ जातो.

घरून बाटली नेण्याबाबत तिघांचे नियम वेगळे आहेत. रॉयल कॅरिबियन आणि क्यूनार्ड प्रवासाच्या पहिल्या दिवशी प्रत्येक प्रौढाला ७५० मिलिलिटरची एक बाटली नेऊ देतात. ती हातातल्या सामानात असावी. खोलीत उघडली तर प्रश्न नसतो. भोजनगृहात उघडायची असल्यास क्यूनार्ड कॉर्केज, म्हणजे बाहेरची बाटली उघडून वाढण्याचे शुल्क, घेते. नॉर्वेजियन कितीही बाटल्या नेऊ देते, मात्र प्रत्येक बाटलीमागे कॉर्केज आकारते आणि त्याचा नेहमीचा दर ७५० मिलिलिटरला १५ डॉलर असा राहिला आहे. पुण्यातून अनेक सहली ज्या एमएससी या आणखी एका क्रूझ कंपनीच्या जहाजांवर जातात, तिथे बाहेरचे मद्य आणण्याची परवानगीच नाही.

या सवलतीचा उपयोग करून अकलूजच्या फ्रातेल्लीची किंवा नाशिकच्या सुलाची शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन सोबत नेण्याचा विचार मला फार आवडतो. विमानात ती चेक-इन सामानात, कपड्यांत नीट गुंडाळून ठेवावी आणि ज्या देशात उतरणार तिथली सीमाशुल्काची मर्यादा आधी पाहावी. शेनिन ब्लाँ किंवा किंचित गोडसर रिसलिंग आपल्या मसालेदार जेवणाबरोबर चांगली लागते. तुरट लाल वाइनबरोबर तिखट अधिकच झोंबते, म्हणून भारतीय थाळीच्या रात्री महागडी लाल बाटली मागवू नये. काटेकोर शाकाहारी असणाऱ्यांनी आणखी एक चौकशी करावी: काही वाइन स्वच्छ करताना अंड्यातला पांढरा बलक, जिलेटिन किंवा माशापासून मिळणारा पदार्थ वापरतात. ‘व्हीगन’ असे लेबल असलेली बाटली मागितल्यास हा प्रश्न मिटतो.

या सगळ्यावरून मामा-मामींना मी क्यूनार्ड सुचवली आहे, पण न्यूयॉर्कची फेरी नव्हे. त्यासाठी ब्रिटनच्या व्हिसाबरोबर अमेरिकेचाही व्हिसा लागतो. साउदॅम्प्टनहून नॉर्वेच्या खाड्यांत जाऊन तिथेच परतणाऱ्या सात रात्रींच्या फेरीला ब्रिटनचा अनेक प्रवेशांचा व्हिसा आणि शेंगेन व्हिसा पुरतो. मामांचा नातवाच्या मुंजीतला बंदगळा कॅम्पातल्या शिंप्याकडे कमरेत सैल करायला दिला आहे, आणि वाइनसाठी पॅकेज न घेता दोन बाटल्या घरून व एक जहाजावर, असे ठरले आहे.