सिरॅमिक ब्रेक पॅड आणि सिलिकॉन ग्रीस: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो. ब्रेकची चीं चीं बंद झाली आणि अजून परत आलेली नाही. पण त्याचं निम्मंही श्रेय मी नव्या सिरॅमिक पॅडना देणार नाही. खरं काम वायर ब्रश, ब्रेक क्लीनर आणि चिमूटभर सिलिकॉन ग्रीसने केलं. आवाज आला की थेट नवे पॅड मागवणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

चाक खोलण्याआधी आवाज नेमका कधी येतो ते बघून ठेवा, अर्धं निदान तिथेच होतं. सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला किरकिर आणि मग सगळं शांत, म्हणजे रात्रीच्या दमटपणाने डिस्कवर (चाकासोबत फिरणारी थाळी, जिला पॅड दाबून गाडी थांबवतात) चढलेला गंजाचा पातळ थर. तो पॅडनेच खरवडून निघतो, सोडून द्या. गाडी चालताना सतत बारीक चीं येते आणि ब्रेक दाबला की थांबते किंवा बदलते, तर वेअर इंडिकेटरवर संशय घ्या. पॅडला लावलेली ही पोलादी पट्टी पॅड साधारण २-३ मिमी उरला की डिस्कला घासायला लागते, मुद्दाम आवाज करायलाच ती दिलेली असते. लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर येत असेल तर गाडी बाहेर काढूच नका.

माझ्या गाडीचा आवाज यातला कुठलाच नव्हता. वेग कमी होत आलेला, पाय ब्रेकवर हलका ठेवलेला, की किंचाळी. जोरात दाबला की गप्प. हा पॅडच्या थरथरण्याचा आवाज. पॅड डिस्कला धरतो-सोडतो, धरतो-सोडतो, तेही सेकंदाला हजारो वेळा, आणि डिस्क थाळीसारखी वाजायला लागते. पॅड जागेवर नीट बसलेला नसला की याला रान मोकळं मिळतं.

चाक काढल्यावर उलगडा झाला. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा सरळ सरळ जास्त झिजलेला. बहुतेक साध्या गाड्यांच्या पुढच्या कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर आवळणारा चिमटा) पिस्टन, म्हणजे ढकलणारा दट्ट्या, फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड ढकलतो, मग अख्खा कॅलिपर पिनांवर सरकतो आणि बाहेरचा पॅड डिस्कवर ओढतो. पिन जाम झाली की बाहेरचा पॅड नावापुरता उरतो आणि आतला एकटाच राबतो. माझ्याकडे वरची पिन बोटाने सरकत होती, खालची ढिम्म हलेना. पाना लावून फिरवत फिरवत बाहेर काढली तर जुनं ग्रीस वाळून काळा थर झालेलं. शिवाय ब्रॅकेटच्या (कॅलिपर धरणारी चौकट) ज्या खाचांत पॅडचे कान, म्हणजे दोन टोकं, बसतात तिथे पत्र्याच्या क्लिपांखाली गंज फुगलेला, त्यामुळे पॅड मोकळे सरकतच नव्हते. पॅडचा पृष्ठभागही काचेसारखा गुळगुळीत झाला होता, म्हणून पॅड बदलले. नाहीतर जाडी अजून पुरेशी होती.

सगळा जीव साफसफाईत. खाच धातू चमकेपर्यंत घासायची, क्लिपा नव्या बसवायच्या, पिना पुसून ग्रीसचा पातळ हात द्यायचा. ग्रीस सिलिकॉनचंच हवं, बेअरिंगचं साधं ग्रीस इथे चालत नाही. त्यातल्या पेट्रोलियमने पिनेवरचं रबरी बूट (धूळ-पाणी अडवणारं आवरण) फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. दोन पिना सारख्या दिसल्या तरी काही गाड्यांत एकीवर रबरी बाही असते, त्यांची अदलाबदल करू नका. पॅडचे कान आणि पाठीवर पिस्टन टेकतो ती जागा, एवढ्या ठिकाणी ग्रीसचं बोट लावायचं. पॅडच्या तोंडाला किंवा डिस्कला थेंबही लागता कामा नये.

बाकीचं माहीतच असेल: नुसत्या जॅकवर भरवसा नाही, खाली स्टँड हवाच. कॅलिपर होजवर (ब्रेक ऑइलची लवचीक नळी) लोंबकळू द्यायचा नाही, तारेने बांधून ठेवायचा. धूळ फुंकायची नाही, क्लीनरने ओली करून पुसायची. पिस्टन मागे दाबताना टाकीतलं ब्रेक ऑइल वर येतं, ते रंगावर सांडलं तर रंग जातो. डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, तो मोजून बघा. आणि सगळं जोडल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत पंप करा, पहिला पाय थेट तळाला जातो.

नवे पॅड बसवल्यावर ते डिस्कशी नीट जुळावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत बेताचा ब्रेक मारत वेग उतरवायचा, मध्ये थोडं अंतर जाऊ देऊन पुन्हा तेच. पूर्ण थांबायचं नाही. हे टाळलेल्या पॅडबद्दलच पुढे ‘नवे असूनही वाजतात’ अशा तक्रारी जास्त येतात, असं माझं मत.

आता पॅडविषयी. चाकावरची काळी धूळ लक्षात येण्याइतकी कमी झाली, हा फायदा खरा. आधीचे सेमी-मेटॅलिक (धातूची भर असलेले) होते, ते चाकं काळी करून टाकायचे. पण थंड असताना पहिला चावा, म्हणजे पकड, जरा मऊ लागतो, पाय थोडा जास्त द्यावा लागतो. भर पावसात गाडी उभी राहिली तर पहिल्या ब्रेकला हलकी कुरकुर अजूनही ऐकू येते आणि लगेच जाते. खोक्यात पॅडच्या पाठीचे शिम (आवाज कमी करणारे पातळ पत्रे) होते, क्लिपा मात्र नव्हत्या. त्या वेगळ्या घ्याव्या लागल्या, याचा राग आहे. सोबतची ग्रीसची पुडी एका चाकाला जेमतेम पुरेल एवढीच.

नुकतंच चाक काढून पाहिलं. दोन्ही पिना बोटाने सरकतात, आतला-बाहेरचा पॅड सारखाच झिजतोय. हेच पॅड पुन्हा घेईन का? धुळीसाठी घेईन, आवाजासाठी नाही. ज्यांच्या मागच्या चाकांना डिस्क आणि इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक आहे त्यांनी मात्र मागे स्वतः हात घालू नये. तिथे आधी गाडी सर्व्हिस मोडमध्ये (हँडब्रेकची मोटर मागे घेणारी सेटिंग) घ्यावी लागते, आणि पिस्टन जबरदस्तीने दाबला तर आतली मोटर बिघडू शकते.