भाडं दर महिन्याला उशिरा येतंय: तारीख बदलावी, दंड लावावा की करार संपवावा?

पुण्या-मुंबईत ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर फ्लॅट दिलाय आणि पाच तारखेचं भाडं पाचला कधीच येत नाही. काही ठरवण्याआधी बँकेचं स्टेटमेंट काढा आणि भाडं जमा झाल्याच्या तारखा एकाखाली एक लिहा. ११, १२, ११, १२ असं दिसलं, तर बहुधा पगारच दहाला होतोय. ८, १५, २२ आणि पुढच्या महिन्यात निम्मेच पैसे, असं दिसलं, तर माणूस अडचणीत आहे. दोघांना एकच औषध देऊ नका.

पहिल्यासाठी भाड्याची तारीख १२ करा आणि बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन (ठरल्या तारखेला पैसे आपोआप पाठवण्याची सूचना) लावायला सांगा. घर नीट ठेवणारा, शेजाऱ्यांशी सलोख्याने राहणारा भाडेकरू आठवड्याच्या उशिरासाठी घालवू नये. घर महिनाभर रिकामं राहिलं की भाडं बुडतं, वर दलाली आणि रंगकाम आहेच.

दंडाचा उपयोग विसरभोळ्या माणसावर होतो. ज्याच्याकडे पैसेच नाहीत, त्याची थकबाकी फक्त फुगते. शिवाय दंडाचं कलम मुळात करारात हवं, आणि रक्कम माफक हवी. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार वाजवी भरपाईच मिळते.

तारखा सरकत असतील, तर मात्र मी करार संपवण्याच्याच बाजूने आहे. "डिपॉझिटमधून वळते करा" ही विनंती तेव्हा हमखास येते. ती मान्य करू नका. डिपॉझिट दोन महिन्यांचं असेल, तर दोन महिन्यांत तुमच्या हातात काहीच उरत नाही.

इथे करार रजिस्टर आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नसेल, तर वादात अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं. राहण्यासाठी दिलेल्या घराचा लेखी करार असेल, तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे) जागा परत मिळवण्यासाठी अर्ज करता येतो. तरीही जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई लागू होते.

जुना, पागडीचा (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर राहणारा) भाडेकरू असेल तर गणित वेगळं. कलम १५ प्रमाणे लेखी मागणीची नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस उलटल्याशिवाय दावा लावता येत नाही. समन्स मिळाल्यावर ९० दिवसांत त्याने सगळी थकबाकी १५ टक्के व्याज आणि खर्चासह भरली, पुढेही नियमित भरत राहिला, तर त्या कारणावरून जागा जात नाही. तिथे घाईने कोर्टात जाण्यापेक्षा हप्ते ठरवून लेखी घेणं जास्त पदरात पाडतं.

पाणी तोडणं, कुलूप बदलणं हे दोन्हीकडे वर्ज्य. त्या घरात मुलंबाळं, म्हातारी माणसं राहतात, आणि पोलिसांसमोर उत्तर द्यायची वेळ तुमच्यावर येते.

मुदत संपायला दोन महिने असतानाच नूतनीकरण करणार नसल्याचं लेखी कळवा. भाडेकरूलाही दुसरं घर शोधायला तेवढा वेळ लागतोच.