दोन तारे की तीन? कृष्णविवरांच्या जोडीच्या दोन वाटा

कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकांत विलीन कशा होतात, यावरच्या प्रकल्पासाठी कोणती वाट धरावी, दोन ताऱ्यांची की तिघांची, असं एका विद्यार्थिनीने विचारलं.

अडचण दोन्हीकडे एकच: कृष्णविवरं इतकी जवळ हवीत की गुरुत्वीय लहरींमुळे (फिरत्या जोडीची ऊर्जा वाहून नेणारे अवकाश-काळातले तरंग) उरलेलं अंतर विश्वाच्या वयाच्या आत मिटेल.

दोघांच्या वाटेत एक तारा फुगतो, जोडीदार त्याच्या वायूच्या आवरणात शिरतो आणि घर्षणाने कक्षा आक्रसते. गणित झटपट होतं, पण त्या आवरणाचं भौतिकशास्त्र अजून कच्चं आहे.

तिघांची वाट मला जास्त आवडते. तिरक्या कक्षेतला दूरचा तिसरा तारा आतल्या जोडीची कक्षा हळूहळू लांबट करतो. लिडोव्ह आणि कोझाई या खगोलशास्त्रज्ञांनी १९६१-६२ मध्ये हा परिणाम मांडला (डोळ्यांसमोर उपग्रह आणि लघुग्रह होते!). मग दोघं एका टोकाला अगदी जवळून जातात, लहरींतून ऊर्जा गळते. मात्र आतल्या आणि बाहेरच्या कक्षेमधला कल मोठा हवा आणि कृष्णविवर जन्मताना बसणाऱ्या धक्क्याने तिसरा निसटता कामा नये. व्ही४०४ सिग्नी या कृष्णविवर असलेल्या ताऱ्यांच्या प्रणालीचा तिसरा सोबती टिकल्याचं २०२४ मध्ये दिसलं, किमान ३५०० खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर). तिथल्या आतल्या जोडीत कृष्णविवर एकच आहे.

एकूण विलीनीकरणांचा दर काढायचा असेल तर दोघांची वाट घे. लांबट कक्षा, कक्षेशी तिरकी असलेली कृष्णविवरांची स्वतःभोवतीची फिरकी यांचा उलगडा हवा असेल तर तिघांची. फक्त दाट तारकागुच्छही तशाच खुणा ठेवतात, हे लक्षात ठेव.