कयाक बांधायचे पट्टे: एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरल्यावर

गाडीच्या टपावर कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी होडी, बांधायला पट्टे घेणार असाल, तर पाकिटावर ‘वॉटर रिपेलंट’ (पाणी झटकणारा) लिहिलंय का हे नंतर बघा. पट्टा कोणत्या धाग्याचा आहे ते आधी बघा. गेल्या पावसाळ्यापासून मी नायलॉन, पॉलिएस्टर आणि पॉलिप्रॉपिलिन असे तिन्ही प्रकारचे पट्टे आलटून पालटून वापरतोय. पुण्याहून मुळशी आणि पवना, ताम्हिणी उतरून कोलाड, पाऊस सरल्यावर तारकर्ली. कयाक प्लास्टिकची, वर बसायची, एकट्याने टपावर चढवताना दमवणारी.

सर्वात आधी बाद झाला नायलॉनचा पट्टा, आणि ‘वॉटर रिपेलंट’ लिहिलेला तोच होता. सुरुवातीला त्यावरून पाणी अळवाच्या पानावरून ओघळावं तसं ओघळायचं. पण हा गुण वरच्या लेपाचा, धाग्याचा नव्हे. बकलचे दात जिथे रुततात आणि कॅरियरच्या दांडीवर पट्टा जिथे घासतो, तिथला लेप आधी जातो, आणि नेमका ताण तिथेच असतो. नायलॉन स्वतः पाणी पितं. चांगलं भिजलं की वजनाच्या आठ-नऊ टक्क्यांपर्यंत पाणी धाग्यात शिरतं आणि पट्टा लांबतो. मुळशीला कचकचून बांधलेली कयाक ताम्हिणीच्या पावसात हलायला लागायची. घाटात गाडी बाजूला घेऊन पुन्हा पट्टे ओढायचे म्हणजे मागून येणाऱ्या गाड्यांकडे एक डोळा ठेवूनच. हा प्रकार मला अजिबात मान्य नाही. ताण सोसून लांबण्याचा नायलॉनचा गुण नांगराच्या दोरीला उपयोगी आहे, टपावर नको.

पॉलिएस्टर हवेतली ओल जेमतेम 0.4 टक्के घेतं. विणीच्या फटींत पाणी साठतं, पट्टा हाताला ओला लागतोच, पण लांबी बदलत नाही. पुण्यात बांधलेला पट्टा कोलाडला पोचेपर्यंत तसाच राहतो, हा फरक पहिल्याच पावसात कळला. उन्हालाही हा धागा बरा टिकतो. लेप दिलेला पॉलिएस्टर पट्टा मिळाला तर जरूर घ्या: चिखल कमी धरतो आणि लवकर वाळतो. जुलैत घरात काहीच वाळत नाही तेव्हा डिकीतला कुबट वास टळणं ही छोटी गोष्ट नाही.

पॉलिप्रॉपिलिन पाणी घेतच नाही आणि पाण्यावर तरंगतं. वाईट भाग उन्हाचा. ऊन सोसण्यासाठी प्रक्रिया केलेली नसेल तर कडा पिसारतात, बोटांना भुकटी लागते. शिवाय सतत ताणाखाली हा धागा हळूहळू सैलावतो. म्हणून मी तो होडीतल्या सामानासाठी ठेवलाय: ड्राय बॅग (पाणी आत न शिरणारी पिशवी), पाण्याची बाटली, जादा वल्हं.

दुकानात सुटा पट्टा मिळतो तेव्हा त्यावर काहीच छापलेलं नसतं. एक तुकडा साबणाच्या पाण्यात दाबून हवा काढा आणि सोडा. तरंगला तर पॉलिप्रॉपिलिन. नायलॉन आणि पॉलिएस्टर दोन्ही बुडतात. त्या दोघांतला फरक कळायला कोरडा पट्टा वजन लावून टांगा, मोजा, रात्रभर भिजवून त्याच वजनाने पुन्हा मोजा.

बकलवर पैसे वाचवू नका. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून कुंडलिका नदीत येतं आणि त्या सुटलेल्या पाण्यावरच कोलाडची धार चालते. ती सकाळी गाठायची तर पुण्यातून अंधारात, पावसात निघावं लागतं. ओल्या, गारठलेल्या बोटांनी उघडमीट होईल असं साधं कॅम बकल तेव्हा लागतं. अंगठ्याने दाबा, पट्टा ओढा, सोडा, झालं. ट्रकवाल्यांचं रॅचेट, म्हणजे दांडा मागे-पुढे करून पट्टा आवळायचं बकल, मी मुद्दाम टाळतो. त्याने ताण किती पडतोय ते हाताला कळत नाही, आणि उन्हात मऊ झालेल्या प्लास्टिकला खड्डा पडतो. बकलखाली रबराची गादी असेल तर गाडीचा रंगही वाचतो.

तारकर्लीच्या खाऱ्या पाण्याने धाग्याला काही केलं नाही, पण एका स्वस्त बकलची स्प्रिंग गंजून अडकली. स्प्रिंग स्टेनलेस स्टीलची आहे का, हे विकत घेतानाच विचारा. परतल्यावर बकल गोड्या पाण्यात हलवून दातांतली वाळू काढावीच लागते, नाहीतर दात धरत नाहीत.

25 मिमी रुंदी आणि चारेक मीटर लांबी मला पुरते. पाकिटावरचा मोठा आकडा बहुधा पट्टा तुटण्याचा असतो. वापरायचा भार साधारण त्याच्या एक तृतीयांश धरतात. वेगात पट्टा घूं घूं वाजतो, त्यासाठी बांधताना त्याला एक पीळ द्या. आणि मधले दोन पट्टे कितीही चांगले असले तरी पुढच्या-मागच्या टोकांना वेगळी दोरी हवीच. द्रुतगती मार्गावर शेजारून ट्रक गेला की कयाकचं नाक उचललं जातं, ते मधले पट्टे थोपवत नाहीत.

सध्या टपावर लेपाच्या पॉलिएस्टरची जोडी आहे. बकलजवळची शिवण उसवायला लागली किंवा कडेला चीर दिसली की ती टपावरून उतरेल, आणि नवी जोडी याच धाग्याची येईल.