अडलेल्या पित्ताला वाट : नळी आणि स्टेंटच्या उपचाराचा आमचा अनुभव

माझ्या मोठ्या आईची, म्हणजे थोरल्या चुलतीची, कावीळ दीड महिना झाला तरी हटत नव्हती. आमचे गाव आर्णी तालुक्यात आहे आणि आमच्याकडे कावीळ झाली की माणूस आधी माळ घालणाऱ्याकडे जातो, तशी तीही गेली. डोक्यावर ठेवलेली माळ वाढत वाढत गळ्यापर्यंत आली, पण डोळे दिवसेंदिवस अधिकच हळदीसारखे होत गेले. त्याच सुमारास लघवी काळ्या चहासारखी आणि शौच पांढुरक्या मातीसारखे होऊ लागले होते. खाज तर अशी होती की रात्री ती लाकडी फणीने दंड खाजवत बसायची आणि सकाळी पातळाला रक्ताचे ठिपके दिसायचे. गर्द लघवी, पांढरट शौच आणि खाज ही तीन लक्षणे एकत्र आली म्हणजे पित्ताची वाट कुठेतरी अडली असण्याची शक्यता मोठी असते, हे आम्हाला तेव्हा ठाऊक असते तर पहिला महिना वाया गेला नसता. हे लिहिण्याचे एक कारण तेच आहे.

यवतमाळच्या सोनोग्राफीत यकृतातल्या पित्तनलिका फुगलेल्या दिसल्या आणि तिथून आम्हाला नागपूरला पाठवण्यात आले. वर्ध्यावरून जाणाऱ्या रस्त्याने आमच्या गावापासून नागपूर सुमारे दोनशे किलोमीटर पडते. तिथे एमआरसीपी झाली. यात एमआरआयच्या यंत्रावरच पित्तनलिकांचे चित्र काढतात. पित्ताशयातली गाठ उजवी आणि डावी नलिका जिथे एकत्र येतात त्या फाट्यापर्यंत पोहोचली होती. बिलिरुबिन १९.४ होते, निरोगी माणसात ते साधारण १ च्या आसपास असते. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली आहे, केमोथेरपी देता येईल, पण एवढ्या काविळीत ती देता येत नाही, म्हणून आधी पित्त बाहेर काढावे लागेल, असे आम्हाला स्पष्ट सांगण्यात आले. रुग्णालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारीही मांडायच्या आहेत आणि त्या एकाच ठिकाणापुरत्या असतील असे मला वाटत नाही.

तोंडातून दुर्बीण घालून खालच्या बाजूने स्टेंट, म्हणजे नलिका आतून उघडी धरणारा पोकळ आधार, टाकण्याची पद्धत, जिला सगळे ईआरसीपी म्हणतात, ती आमच्या गावातल्या दोघांवर झालेली होती, त्यामुळे हिला मात्र पोटावरून यकृतात सुई घालून पित्त काढणारी नळी बसवायची हे ऐकून घरातले सगळे धास्तावले. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीच्या, म्हणजे पडद्यावर चित्र पाहत सुई-नळीने उपचार करणाऱ्या विभागाच्या, डॉक्टरांनी तेव्हा केसपेपरच्या पाठीमागे चित्र काढून जे समजावले, त्याला मी या सेवेतला सर्वांत मोठा गुण मानतो. अडथळा नलिकेच्या खालच्या टोकाला असला तर दुर्बीण उत्तम काम करते. पण तो वर फाट्यावर असला तर कोणती बाजू मोकळी करायची हे वरून, यकृतातून गेल्यावर अधिक नेमके ठरवता येते. यकृताचा निदान अर्धा भाग मोकळा झाला तरच कावीळ नीट उतरते. शिवाय नलिकेच्या ज्या फांदीत डाय, म्हणजे एक्स-रेत नलिका दिसाव्यात म्हणून सोडलेला द्रव, गेला आणि जिथून पित्त पुन्हा बाहेर काढता आले नाही, तिथे जंतू वाढतात, म्हणून वाटेल तिथे डाय सोडून चालत नाही. कापसाला पाणी देताना पाटाच्या कोणत्या तोंडाशी माती अडली आहे ते आधी पाहावे लागते, तसेच हे आहे, एवढे माझ्या चुलत्यांना समजले आणि त्यांनी संमतीच्या कागदावर सही केली.

मध्ये तीन दिवस गेले. आम्हाला तो उशीर वाटला आणि मी स्वतः वॉर्डात आवाज चढवून बोललो, त्याचा मला आजही खेद आहे. कारण असे होते की पित्त आतड्यात पोहोचले नाही तर के जीवनसत्त्व अंगी लागत नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तिचा आयएनआर १.९ आला होता. तो १.५ च्या खाली यावा म्हणून के जीवनसत्त्वाची इंजेक्शने चालू होती, आणि यकृतासारख्या रक्ताने भरलेल्या अवयवात सुई घालण्याआधी ही काळजी घेणे अनिवार्यच होते. प्रतिजैविकेही आधीच सुरू झाली. याच दिवसांत आरोग्यमित्रांनी केशरी शिधापत्रिका आणि आधार पाहून महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी कागद पाठवले. योजनेतून उपचार घेणाऱ्यांनी एक प्रश्न आधीच विचारून घ्यावा : मंजुरी फक्त नळीची आहे, की पुढच्या धातूच्या स्टेंटचीही, आणि दोन स्टेंट लागले तर दोन्हींची? आम्ही तो विचारला नाही, आणि दुसऱ्या खेपेला एका कागदासाठी मला पुन्हा गावी जाऊन यावे लागले.

पहिली नळी टाकली त्या दिवशी ती पूर्ण शुद्धीत होती. बरगड्यांच्या खाली, पोटाच्या मध्यभागी फक्त त्या जागेपुरती भूल दिली होती आणि सोबत वेदनाशामक होते. काचेपलीकडच्या खोलीत मला काही मिनिटे उभे राहू दिले. सोनोग्राफीत पाहत डॉक्टरांनी एक बारीक, लांब सुई डाव्या बाजूच्या नलिकेत नेली. ही चिबा सुई, जपानमधल्या चिबा विद्यापीठावरून तिला हे नाव पडले आहे. सुईतून डाय सोडला तेव्हा पडद्यावर काळ्या फांद्या उमटत गेल्या आणि बुंध्याजवळ येऊन एकदम थांबल्या. अडथळा डोळ्यांनी दिसला. मग सुईतून तार, तारेवरून थोडी जाड नळी, पुन्हा अधिक जाड तार, असे एकेक पाऊल टाकत शेवटी ८ फ्रेंचची नळी आत बसली. फ्रेंच हे नळीच्या जाडीचे माप असून ३ फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर होतो. आतल्या टोकाला ही नळी शेपटीसारखी गोल वळते आणि दोऱ्याने तो वळसा पक्का करतात, म्हणजे ती सहज निसटत नाही. पहिले पित्त जवळजवळ काळे आणि काकवीसारखे दाट आले. त्यातले थोडे जंतू तपासायला पाठवले. सगळे मिळून तासाभराच्या आत झाले, आणि त्या तासाभरातल्या कौशल्याबद्दल, सहायकांच्या शांतपणाबद्दल आणि दर दोन मिनिटांनी 'काकू, दुखतंय का?' असे विचारणाऱ्या त्या तरुण डॉक्टरीणबाईंबद्दल माझ्या मनात निव्वळ कृतज्ञता आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, 'बापू, आज मले झोप लागली.' खाज थांबली होती. औषधाच्या कोणत्याही गोळीने जे दोन महिन्यांत झाले नव्हते, ते पिशवीत उतरलेल्या पित्ताने दोन दिवसांत केले.

त्या दिवशी तार अडथळ्याच्या पलीकडे गेली नव्हती, म्हणून सगळे पित्त बाहेरच्या पिशवीतच येत होते. सूज कमी झाल्यावर आठ-दहा दिवसांनी पुन्हा प्रयत्न करू, असे सांगून आम्हाला घरी सोडले. माझी खरी तक्रार इथून सुरू होते. सुट्टीच्या कार्डावर इंग्रजीत एकच ओळ होती : फ्लश १० सीसी एनएस बीडी, म्हणजे दिवसातून दोनदा १० मिलिलिटर सलाइन सोडून नळी धुवायची. नळीला जोडलेला थ्री-वे कॉक, म्हणजे तीन तोंडांची छोटी तोटी, कोणत्या दिशेला फिरवल्यावर काय उघडते आणि काय बंद होते, हे कोणीही आमच्या हातून करून घेतले नाही. वॉर्डातल्या सिस्टरनी एकदा भराभर करून दाखवले, तेही मी औषधे आणायला गेलो असताना, आणि पाहायला खोलीत होते फक्त माझे चुलते, ज्यांना जवळचे नीट दिसत नाही.

घरी आल्यावर पाचव्या दिवशी पिशवी कोरडी राहिली. आम्हाला वाटले की पित्त कमी झाले, म्हणजे आराम पडतो आहे. संध्याकाळी तिला हुडहुडी भरली आणि अंग तापले. उपकेंद्रातल्या सिस्टर लगेच धावून आल्या, पण अशी नळी त्यांनी कधी पाहिली नव्हती आणि तिला हात लावण्याची त्यांची तयारी नव्हती, ते योग्यच होते. कार्डावर जो दूरध्वनी होता तो रात्री कोणी उचलला नाही. शेवटी १०८ च्या गाडीने यवतमाळ गाठले, तिथे एका निवासी डॉक्टरांनी ड्रेसिंग उघडले आणि कॉक पाहिला. पिशवी बदलताना तो आमच्याकडून उलटा फिरवला गेला होता. नळी बंदच होती. तो फिरवताच गढूळ हिरवे पित्त आले. प्रतिजैविके शिरेतून चालू झाली आणि दोन दिवसांत ताप उतरला. अडलेल्या पित्तात जंतू असले तर ते काही तासांत रक्तात पसरू शकतात आणि त्यात जीवही जातो, हे त्या रात्री डॉक्टरांनी सांगितले. इतकी मोठी गोष्ट कार्डावर मराठीत लिहिलेली असायला हवी होती.

म्हणून ज्यांच्या घरी अशी नळी घेऊन माणूस येणार आहे, त्यांना मी कळकळीने सांगतो की रुग्णालय सोडण्याआधी घरातल्या एका धडधाकट माणसाने फ्लश स्वतःच्या हाताने, सिस्टरच्या समोर, निदान दोनदा करावा. सलाइन हळूच आत सोडायचे असते. सिरिंजने जोर लावून पित्त मागे ओढायचे नसते, कारण त्याने आतड्यातली घाण नलिकेत येऊ शकते. पिशवी कमरेच्या खाली राहावी. झोपताना नळी अंगाखाली दबू नये, आणि ती पोटाला चिकटपट्टीने दोन ठिकाणी बांधलेली असावी. रोज किती पित्त आले ते वहीत लिहावे. आमच्या वहीत ५०० ते ७०० मिलिलिटरचे आकडे आहेत, आणि एवढे पाणी व क्षार रोज बाहेर गेले की माणूस गळून जातो, पायांत गोळे येतात. ओआरएस दिवसभर थोडे थोडे पाजल्यावर तिच्या पायांतले गोळे थांबले. पिशवी अचानक कोरडी पडणे, पित्तात लाल रक्त येणे, नळीच्या बाजूने ओल झिरपणे किंवा थंडी वाजून ताप येणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये.

दुसऱ्या खेपेला तार पलीकडे गेली. आता नळीची छिद्रे अडथळ्याच्या दोन्ही बाजूंना होती, त्यामुळे पित्त बाहेरही येई आणि आतही जाई. दोन दिवसांनी शौच पुन्हा पिवळे झाले. ही गोष्ट लिहायला संकोच वाटावा अशी आहे, पण आमच्या घरात त्या सकाळी सणासारखा आनंद झाला. बिलिरुबिन तीन आठवड्यांत ६ वर आणि पुढे २.३ वर उतरले.

मग स्टेंटचा निर्णय. प्लॅस्टिकचा स्टेंट स्वस्त असतो, पण बारीक असल्यामुळे साधारण तीन महिन्यांत तुंबतो आणि बदलावा लागतो. दोनशे किलोमीटरवरून दर तिमाहीला येणे आम्हाला जमणारे नव्हते. धातूचा स्टेंट निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या जाळीचा असतो. तो मिटलेल्या स्थितीत आत नेतात आणि सोडल्यावर तो आपोआप ८ ते १० मिलिमीटरपर्यंत उघडतो. तो सहसा परत काढता येत नाही आणि गाठ जाळीतून आत वाढली तर तोही बंद होऊ शकतो, हे डॉक्टरांनी न विचारता सांगितले. आधी फुग्याने अरुंद जागा ताणली, मग स्टेंट सोडला आणि खबरदारी म्हणून बाहेरची नळी बंद करून चार दिवस तशीच ठेवली. पुन्हा डाय टाकून वाट मोकळी दिसल्यावर ती काढली. फुग्याच्या वेळी मात्र तिला फार दुखले. पहिल्या खेपेपेक्षा वेदनाशामक अधिक द्यायला हवे होते, असे माझे मत आहे आणि ते मी तिथे लेखी दिले आहे.

नळी काढण्याच्या वेळी मी मराठीत लिहिलेले एक पान, कॉकच्या चित्रासह, त्या विभागात नेऊन दिले. प्रमुख डॉक्टरांनी ते वाचले, दोन ठिकाणी दुरुस्ती केली आणि छायाप्रती काढून वॉर्डात ठेवायला सांगितल्या.

स्टेंट बसून आता पाच महिने होत आले आहेत आणि केमोथेरपीचे चार हप्ते झाले आहेत. मागच्या आठवड्यात यवतमाळच्या सोनोग्राफीत पित्तनलिकांमध्ये हवा असल्याचे लिहून आले आणि घरात पुन्हा घबराट झाली. मी नागपूरला दूरध्वनी केला, या वेळी तो उचलला गेला. स्टेंटचे खालचे तोंड आतड्यात असल्यामुळे तिथली हवा वर चढते, आणि ती दिसते याचा अर्थ वाट उघडी आहे, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले.