घरी बनवलेला दोन मीटरचा अँटेना: डिसेंबर ते ऑगस्ट

निकाल आधी सांगतो. अँटेना पहिल्या वर्गात पास, केबल नापास. आणि केबल नापास होत होती तेव्हा मीटर मात्र तिला वाढीव गुण देत होता.

मांडणी अशी: पुण्यात कोथरूडमधल्या चार मजली इमारतीची गच्ची, पाण्याच्या टाकीवर तीन मीटरचा खांब, त्यावर पाव तरंगलांबीचा ग्राउंड प्लेन. म्हणजे एक उभी तार आणि खाली चार रेडियल, म्हणजे चार बाजूंना पसरणाऱ्या तारा. पट्टा हौशी रेडिओवाल्यांचा, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे दोन मीटर. सेट पाच वॅटचा हँडी (हातात धरायचा वायरलेस), मधे १५ मीटर आरजी-५८ कोॲक्सियल केबल. (परवाना हातात असल्याशिवाय हे करू नका, हे वेगळं सांगायला नको.)

तार वाईंडिंगची घ्या, १२ गेज, म्हणजे २.६४ मिलिमीटर. मोटार रिवाइंड करणाऱ्यांकडे वजनावर मिळते. एकूण २.६ मीटर लागते, दीडशे ग्रॅम पुरे. कनेक्टर आणि लग तापकीर गल्लीत, स्टेनलेसचे तीन मिलिमीटरचे स्क्रू आणि होज क्लिप बोहरी आळीत. स्क्रूत काटकसर नको. साधे लोखंडी स्क्रू पहिल्या पावसातच गंजतात, रेडियलचा सांधा सैल पडतो आणि वारा सुटला की सेटमध्ये खरखर ऐकू येते.

वेटोळ्यातली तार हाताने सरळ करत बसू नका, ती नागमोडीच राहते. एक टोक व्हाइसमध्ये, दुसरं पकडीत, आणि सणसणीत ओढा. तार किंचित लांबल्याचं हाताला कळतं आणि त्याच क्षणी ती ओळंब्यासारखी सरळ होते. ताठही होते. न ओढलेला रेडियल कावळा बसला की वाकतो तो वाकलेलाच राहतो.

अँटेनाच्या बुडाचा एसओ-२३९ कनेक्टर (सॉकेट) टेफ्लॉनचा, पांढऱ्या इन्सुलेशनचा घ्या. स्वस्तातला काळा-तपकिरी घेतलात तर फसाल. २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न एवढ्या जाड तांब्याला पुरत नाही, उष्णता तारेतून वर पळते. मग आपण टोक दाबून धरतो, प्लास्टिक मऊ होतं आणि मधली पिन कलते. ६० वॅट किंवा जास्त हवी. तारेचं टोक कानशीने घासून एनॅमल पूर्ण काढा, पिनच्या वाटीत बसेल इतकं बारीक करा आणि आधी कथिल चढवून ठेवा. सोल्डर करताना खालून एक पीएल-२५९ (त्याच सॉकेटचा प्लग) घट्ट फिरवून ठेवला की पिन जागची हलत नाही.

उभी तार ५१ सेंटिमीटरची ठेवा, रेडियल ५२ चे. रेडियल आडवे ठेवले तर रोध ३६ ओमच्या आसपास राहतो, ४५ अंश खाली झुकवले की ५० च्या जवळ येतो, म्हणजे केबलच्या रोधाशी जुळतो. मग वरून कापत जा. एक सेंटिमीटर कापलं की अनुनादाची वारंवारता साधारण तीन मेगाहर्ट्झ वर सरकतो, म्हणून शेवटी दोन-दोन मिलिमीटरच कापा. उभी तार शेवटी ४९ च्या आसपास थांबते. रेडियलच्या टोकांवर एम-सीलची गोळी लावा. गच्चीवर काम करताना ती टोकं नेमकी डोळ्यांच्या उंचीवर येतात.

आता केबल. जानेवारीत खाली, सेटपाशी, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत येणाऱ्या लाटेचं माप; १ म्हणजे काहीच परत येत नाही) १.२२ होता. ऑगस्टमध्ये १.१५. कागदावर सुधारणा, पण एरवी स्वच्छ येणारी स्टेशनं फसफसायला लागली. कारण साधं आहे. भिजलेली केबल जाताना सिग्नल खाते आणि परत येणारी लाटही खाते. मीटरला परतीची लाट कमी दिसते, तो खूश होतो. खांबावर कनेक्टरपाशी मोजलं तेव्हा खरा आकडा निघाला १.५, जानेवारीत होता तेवढाच.

केबल तपासायची रीत वेगळी. वरचं टोक अँटेनापासून सोडवून मोकळं ठेवा आणि खालून नॅनो-व्हीएनए या छोट्या मोजणी-यंत्राने रिटर्न लॉस (परतणारा सिग्नल किती डेसिबेल कमी झाला ते) बघा. त्याच्या निम्मा म्हणजे केबलचा एकेरी तोटा. १५ मीटर कोरड्या आरजी-५८ ला १४५ वर तीन डेसिबेल तोटा असतोच, म्हणजे रिटर्न लॉस सहा आणि एसडब्ल्यूआर ३ दिसायला हवा. इथे रिटर्न लॉस नऊ आणि एसडब्ल्यूआर २.१ आला, म्हणजे तोटा साडेचार. पाच वॅटपैकी वर पोचत होते पावणेदोन. ही चाचणी हँडी लावून करू नका, मोकळ्या केबलवर प्रक्षेपण केलं तर सेटचा शेवटचा ट्रान्झिस्टर जाऊ शकतो.

आवरण चिरून पाहिलं. वरच्या प्लगपासून ४० सेंटिमीटर आतली तांब्याची जाळी काळी, हिरवट पूड सांडत होती. त्यापुढे मीटरभर नुसती निस्तेज. पाणी शिरलं होतं प्लगच्या मागच्या तोंडातून. तिथे सिलिकॉन लावलं होतं, पण व्हिनेगरचा वास येणारं. त्यातलं ॲसिड तांबं खातं. न्यूट्रल प्रकारचं मागून घ्या. त्याहून बरी सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) रबर टेप: दुप्पट ताणून, खालून वर गुंडाळायची, म्हणजे थर कौलांसारखे बसतात. वरून साधी काळी टेप, उन्हासाठी. हा जाड झालेला प्लग अँटेना धरणाऱ्या २५ मिलिमीटरच्या कंड्युइट पाइपात घट्ट बसतो. पाइपाच्या तोंडाला चिरा देऊन होज क्लिप आवळा. केबल खाली उतरताना एक झोळ सोडा, पाणी तिथून ठिबकतं.

आता आरजी-२१३ टाकली आहे. तेवढ्याच लांबीला तोटा १.३ डेसिबेल, वर पोचतात ३.७ वॅट. जाड आहे, वळत नाही, महाग आहे. पैसे वाचवायचे असतील तर डिशची आरजी-६ ही आरजी-५८ पेक्षा केव्हाही बरी. ७५ ओमची असली तरी तोटा सव्वा डेसिबेलच्या आसपासच. तिची ॲल्युमिनियमची जाळी सोल्डर घेत नाही, क्रिम्पचा कनेक्टर लागतो.

अपेक्षाही बेताच्या ठेवा. सिंहगडाच्या दिशेला उत्तम चालतो. पाषाण, औंध वेताळ टेकडीच्या सावलीत, तिथे कुठलीही तार डोंगर हलवत नाही. अवकाश स्थानकाचं १४५.८०० मेगाहर्ट्झवरचं प्रक्षेपण क्षितिजाजवळ छान येतं, डोक्यावर आलं की पडतं, कारण उभ्या तारेला वरच्या दिशेला कान नसतो. आणि काही स्वस्त हँडी बाहेरच्या अँटेनावर उलट बहिरे होतात, कारण शहरातल्या मोठ्या प्रक्षेपकांनी त्यांचा सिग्नल घेणारा पहिला टप्पा दबतो. रबर डकीवर (हँडीच्या स्वतःच्या आखूड अँटेनावर) येणारं स्टेशन गच्चीच्या अँटेनावर गायब झालं तर आधी सेट बदलून बघा.

वळवाच्या दिवसांत, विजेच्या भीतीने, केबल सेटपासून काढून ठेवा, खांब अर्थ करा. टेप दर मे महिन्यात नवी.